मुंबई ते कराची : दोरा आणि वाट

मंडळी, बिबवेवाडीहून लोहगावचा विमानतळ किती लांब? पुण्याच्या नकाशावर पट्टी ठेवा, तेरा-चौदा किलोमीटर भरतील. पण जाणारा काही पट्टीवरून जात नाही. पुलगेट, स्टेशन, येरवडा असे करीत जायचे, आणि गर्दी लागली की तास कुठे गेला ते कळत नाही. अंतर पट्टीने मोजावे, वाट मात्र चालल्यावाचून कळत नाही. आकाशातल्या वाटेचेही असेच आहे. मुंबई आणि कराची ही दोन शहरेच पाहा ना.

या दोहोंमधले सरळ अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले. विमान 'पस मॉथ', एका इंजिनाचे, ताशी सुमारे १६० किलोमीटर जाणारे. पेट्रोल घेण्यासाठी ते अहमदाबादेस उतरले. त्या वळणामुळे वाट झाली सुमारे १,०३५ किलोमीटरांची. आता शाळेतला भागाकार करा. साधारण साडेसहा तास येतात. त्यांत थांब्याचा वेळ मिळवा. सकाळी निघालेले टाटा दुपारी जुहूला उतरले, ते याच हिशेबाने. पुढे मद्रासपर्यंत टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. याच सेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

त्या दिवशी टाटांनी कुठलीही सरहद्द ओलांडली नाही, हे ध्यानात घ्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. आणि शिक्षकबंधूंनो, कराचीतल्या १८५५ सालच्या एका सरकारी शाळेला नाव आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे! इतकी ती शहरे एकमेकांच्या घरोब्यातली.

पुढे जेट विमाने आली. ८७५ किलोमीटरला दीड तास पुरेसा झाला. यंत्राने वाट आखूड केली खरी. पण १९४७ साली मध्ये सरहद्द आली होती. युद्धांनी तुटलेली विमानांची ये-जा १९७६ साली पुन्हा सुरू झाली. कालांतराने मुंबई-कराची थेट विमान बंद पडले. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी आपापले आकाश एकमेकांच्या विमानांना बंद केले.

मग जाणाऱ्याने जावे कसे? समजा, दुबईवरून गेला. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तिथून मागे फिरून कराची सुमारे १,१९०. एकूण ३,१२०! म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीनपट. हवेतलेच पाच तास, वर दुबईतला खोळंबा. टाटांच्या त्या चिमुकल्या विमानाला लागला, तेवढाच वेळ आजच्या जेटलाही लागतो. कधी कधी जास्तच.

शाळेत पृथ्वीगोल असेल, तर उद्या एक दोरा घ्या. मुंबईवरून कराचीपर्यंत ताणा, मग दुबईला वळसा घालून ताणा. दोन्ही दोरे मुलांच्या हाती द्या आणि विचारा, हा दुसरा दोरा लांब का झाला? भूगोलाच्या तासाला इतिहास आपोआप सुरू होईल.