स्मृती व सामाजिक वर्तनातील स्त्री-पुरुष भेद

स्त्री-पुरुषांच्या स्मरणशक्तीत व वागण्यात फरक किती, हे तपासणारे मानसशास्त्रीय संशोधन. एलिनॉर मॅकोबी व कॅरल जॅकलिन यांनी १९७४ च्या ग्रंथात अनेक रूढ समजुती निराधार ठरवल्या. सरासरीने शब्द व चेहरे आठवण्यात स्त्रिया, तर मार्ग आठवण्यात पुरुष किंचित पुढे. जॅनेट हाइड यांच्या २००५ च्या आढाव्यात बहुतेक फरक किरकोळच निघाले.

मुंबई उपनगरांत हा विषय लोकलमध्येच भेटतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली ‘लेडीज स्पेशल’ सुरू झाली. महिलांच्या डब्यात मटार सोलले जातात, हळदीकुंकू होते. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळे टाळ कुटतात. ग्रुपसाठी जागा धरण्यात मात्र दोघेही तितकेच तरबेज! डबेच वेगळे असल्याने यावरून उपजत स्वभाव सिद्ध होत नाही.