शुभवर्तमाने आणि जेरुसलेमची कातळथडगी

धर्मग्रंथातील एखादी हकीकत ऐतिहासिक मानावी की नाही, असा प्रश्न निघाला म्हणजे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, ग्रंथात आहे म्हणून खरे. दुसरा म्हणतो, धर्मग्रंथात आहे म्हणूनच खोटे. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्ही पंक्तींत बसता येत नाही. त्याला तिसरा साक्षीदार शोधावा लागतो. येशू ख्रिस्ताच्या दफनाच्या बाबतीत असा साक्षीदार आहे, आणि तो म्हणजे जेरुसलेमच्या भोवतालचा चुनखडीचा कातळ.

आरंभीच एक मर्यादा सांगून ठेवतो. पुनरुत्थान हा श्रद्धेचा विषय आहे. कुदळफावड्याच्या न्यायालयात तो खटला चालत नाही. परंतु त्याच्या अगोदरचा प्रश्न मात्र तेथे चालू शकतो. इसवी सन ३० च्या सुमारास वधस्तंभावर मेलेल्या माणसाचे जेरुसलेममध्ये कातळथडग्यात दफन होणे शक्य होते काय? एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम ग्रंथांची साक्ष पाहू. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दफनाचा केवळ उल्लेख आहे. मार्काच्या शुभवर्तमानात हकीकत येते. शब्बाथ लागण्यापूर्वी अरिमथाईकर योसेफ पिलाताकडे प्रेत मागतो, तागाच्या वस्त्रात गुंडाळतो, खडकात खोदलेल्या थडग्यात ठेवतो आणि दाराशी धोंड लोटतो. मत्तय सांगतो की ते थडगे योसेफाचे स्वतःचे व नवे होते. लूक व योहान त्यात अद्याप कोणाला ठेवले नव्हते असे सांगतात. योहान बागेचीही भर घालतो. मूळ गाभा एकच, तपशील मात्र वाढता आहे.

आता कातळाकडे वळू. जेरुसलेमच्या परिसरात त्या काळची ९०० हून अधिक कातळथडगी सापडली आहेत. ठेंगणे दार, आत एक दालन आणि भिंतींत खोल खोदलेले कोनाडे, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. प्रेत लांबीने कोनाड्यात सरकवीत. काही थडग्यांत भिंतीलगत ओटा किंवा कमानीखालचा कट्टा असे. वर्षभराने मांस झडले म्हणजे अस्थी गोळा करून दगडी पेटीत ठेवीत. पेटीची लांबी मांडीच्या हाडाएवढी असली की काम भागे. थडगे कुटुंबाचे असे आणि पिढ्यानपिढ्या वापरले जाई. अर्थात हा खर्च संपन्न घराण्यांनाच झेपणारा. गरिबांना जमिनीत साधा खड्डा खणून पुरीत.

या पार्श्वभूमीवर हकीकत वाचली म्हणजे तिच्यातील काही गोष्टींचा उलगडा होतो. नासरेथच्या गरीब कुटुंबाचे जेरुसलेममध्ये कातळथडगे असणे संभवत नाही. म्हणून ते दुसऱ्या कोणा धनिकाचे असावे हे ओघानेच आले. सूर्यास्त जवळ आलेला. नवा खड्डा खणण्यापेक्षा तयार थडगे गाठणे सोपे. योहानाच्या हकीकतीत शिष्य वाकून आत पाहतो, त्याचे कारण ते ठेंगणे दार. तेथेच दोन देवदूत प्रेताच्या उशाशी व पायथ्याशी बसलेले दिसतात. ते ओट्याच्या थडग्यातच शक्य आहे, कोनाड्यात नव्हे.

धोंडेचे काय? चित्रांतून आपण जात्याच्या तळीसारखी गोल शिळा पाहतो. इस्रायली पुरातत्त्वज्ञ आमोस क्लोनेर यांनी १९९९ साली दाखवून दिले की, त्या ९०० हून अधिक थडग्यांपैकी अशी मोठी गोल शिळा फक्त चार ठिकाणी आहे, आणि ती राजघराण्यांच्या किंवा अतिधनिकांच्या थडग्यांना. बाकीच्यांना चौकोनी दगडाचे बूच असे. मग मार्क खोटा ठरतो काय? तसे नाही. चौकोनी दगडही लोटता येतो. योहान तर दगड काढलेला होता एवढेच म्हणतो. मत्तयाचा देवदूत त्या दगडावर बसतो, आणि भिंतींच्या खाचेत सरकणाऱ्या गोल शिळेपेक्षा बाजूस पडलेल्या चौकोनी दगडावर बसणे सोपे! येथे चूक निघते ती ग्रंथाची नव्हे, चित्रकारांची.

सर्वांत मोठा आक्षेप निराळा आहे. रोमन लोक वधस्तंभावरील प्रेते गिधाडाकुत्र्यांसाठी सोडून देत, मग दफन कोठले? याला उत्तर १९६८ साली मिळाले. जेरुसलेमच्या उत्तरेस गिवात हामिवतार येथील थडग्यात वासिलिओस त्साफेरिस यांना एक अस्थिपेटी सापडली. तीवर येहोहानान हे नाव होते आणि आत टाचेच्या हाडात ११.५ सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा रुतून बसलेला होता. म्हणजे वधस्तंभावर मेलेला हा मनुष्य घरच्या थडग्यात पोचला होता. कोणी म्हणेल, एकच उदाहरण! पण त्या खिळ्याचे टोक वाकल्यामुळे तो निघाला नाही, म्हणून आपल्याला कळले. ज्यांचे खिळे निघाले किंवा ज्यांना दोरांनी बांधले होते, त्यांच्या अस्थी इतरांच्या अस्थींतून ओळखणार कशा? शिवाय अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात टांगलेले प्रेत त्याच दिवशी पुरावे अशी आज्ञा आहे, आणि वधस्तंभावरील लोकांनाही सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरण्याची यहुद्यांची रीत इतिहासकार योसेफस नमूद करतो. तथापि युद्धकाळात ही सवलत गृहीत धरता येत नाही. इसवी सन ७० च्या वेढ्यातील क्रौर्यावरून शांततेच्या काळाचा निवाडा करू नये, आणि याच्या उलटही करू नये.

राहिली जागा. पवित्र कबरेचे मंदिर आज जुन्या शहराच्या तटाच्या आत आहे, आणि यहुदी थडगी तर गावाबाहेर असत. परंतु तो भाग तटाच्या आत आला तो इसवी सन ४१ ते ४४ मध्ये राज्य करणाऱ्या हेरोद अग्रिप्पाच्या तटामुळे. त्यापूर्वी तेथे दगडाची खाण होती, आणि मंदिराच्या आवारातच कोनाड्यांचे एक यहुदी थडगे आजही दिसते. खोटी जागा रचणाऱ्याने शहराच्या आतली जागा निवडली नसती, हा युक्तिवाद आम्हांस वजनदार वाटतो. २०१६ साली कबरेवरील संगमरवर उचलण्यात आला, तेव्हा खालच्या थरातील चुन्याचा काळ सुमारे ३४५ हा निघाला. यावरून कॉन्स्टंटाइनच्या काळापर्यंतची परंपरा सिद्ध होते. त्याआधीची तीनशे वर्षे मात्र आठवणीच्या आधारानेच ओलांडावी लागतात. याउलट १८८३ साली जनरल गॉर्डन यांनी पुरस्कारिलेले ‘बागेतील थडगे’ इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकांतील ठरले. येशूच्या काळी ते ‘नवे’ असणे अशक्य!

तात्पर्य काय? दफनाचा गाभा त्या काळाच्या रीतिरिवाजांशी जुळतो. जागा संभाव्य आहे, सिद्ध नाही. ‘स्वतःचे नवे थडगे’ यांसारख्या वाढीव तपशिलांविषयी कातळ मौन पाळतो. असे होऊ शकत होते, किंवा असे होऊच शकत नव्हते, एवढेच दगड सांगतो. असे झाले, हे शेवटी माणसाच्याच साक्षीवर ठरते. म्हणून ती साक्ष एकगठ्ठा स्वीकारू नये, एकगठ्ठा फेकूनही देऊ नये, कलमागणिक तपासावी. परक्याच्या ग्रंथाला आपण हा न्याय लावला, तर आपल्या ग्रंथांनाही तोच लावण्याचे धैर्य आपल्या अंगी आले पाहिजे.