अननस, रबर आणि धुरके

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजलिसवर असे धुरके पसरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर. त्याच्यावर बंधने आली, पण धुरके हटेना. १९४७ मध्ये काउंटीने वायुप्रदूषण नियंत्रणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तेलशुद्धीकरण कारखान्यांचा गंधकयुक्त धूर आवरला, तरी डोळ्यांतले पाणी थांबले नाही.

रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. तीच साधने त्यांनी शहराच्या हवेकडे वळवली. १९५० च्या सुमारास उलगडा झाला: मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि न जळालेले इंधन यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. वाकवलेले रबर ओझोनमुळे तडकते. किती मिनिटांत तडा जातो, यावरून ओझोनचे प्रमाण मोजत! (वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे.)

मोटार कंपन्यांना हे सहजासहजी पटले नाही. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक नवीन गाड्यांत सर्रास बसू लागले ते १९७५ पासून. शिशाने ते निकामी होतात, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. वाऱ्याला काउंटीची हद्द कुठली ठाऊक? १९७७ मध्ये चार काउंट्यांसाठी एकच यंत्रणा आली.