तळटीप : ‘पॅकलिस्ट’

१. पॅकलिस्ट : लेखकाने हा शब्द सहज वापरला आहे, म्हणून हा खुलासा. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेल्या पर्ल भाषेत एखादे मॉड्यूल बसवले, की त्याच्या फायली एका जागी राहत नाहीत. मुख्य कोड एकीकडे, चालवायच्या आज्ञा दुसरीकडे, मदतीची पाने तिसरीकडे. कोणती फाइल कुठे उतरवली, याची ओळीला एक पत्ता अशी यादी ‘पॅकलिस्ट’मध्ये राहते. नावाआधी टिंब असल्याने लिनक्सवर ती सहसा नजरेस पडत नाही. पनवेलकरांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात येणाऱ्या ट्रकची बिल्टी, म्हणजे मालासोबतची पावती, आठवावी. मात्र माल पोचला की बिल्टीचे काम संपते. पॅकलिस्टची खरी गरज लागते ती मॉड्यूल काढताना. ती हरवली, तर एकेक फाइल हाताने हुडकावी लागते. पायथन भाषेतल्या अशाच ‘रेकॉर्ड’ फायलीत पत्त्यासोबत आकार आणि हॅश, म्हणजे मजकुराचा ठसाही असतो. त्यामुळे मागाहून झालेला फेरफार पकडता येतो. प्रोग्रामने चालताना स्वतः तयार केलेल्या लॉग फायली मात्र दोन्ही याद्यांत नसतात. लेखकाचे ‘सगळे साफ केले’ हे विधान त्यामुळे जरा घाईचे वाटते. — संपा.