वस्ताद आणि प्रशिक्षक : खाशाबा जाधव यांच्या निमित्ताने

हुपरीपासून कोल्हापुरापर्यंतच्या टापूत कुस्ती शिकविणाऱ्यास 'वस्ताद' म्हणतात. फारसी 'उस्ताद'वरून आलेल्या या शब्दात डावपेचांबरोबर शिष्याच्या आहारविहारावरील अधिकारही सामावतो. 'प्रशिक्षक' या संस्कृत घडणीच्या शब्दात स्पर्धेचे नियम व तंत्र यांना प्राधान्य आहे. खाशाबा जाधव यांच्या जीवनक्रमात ही दोन्ही पदे एकत्र आली. पहिले पाठ त्यांना वडील दादासाहेब यांनी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरी दिले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी अमेरिकन मल्ल रीस गार्डनर त्यांचे प्रशिक्षक होते; मातीत वाढलेला हा मल्ल तेथे मॅटवर सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खर्डेकरांचे कार्य वस्तादाचे नव्हे, प्रशिक्षकाचेही नव्हे. त्यास भाषेत स्वतंत्र नाव नाही. परंतु त्यावाचून त्या दोघांची विद्या हेलसिंकीस पोहोचती ना. पदकाच्या नोंदीत एकच नाव येते. इतिहासकाराने उरलेली तीनही नोंदविली पाहिजेत.