ओवी गाणारीचं नाव

बारामती-इंदापूर भागातल्या कलेचा इतिहास सांगायचा म्हटलं की सुरुवात मोरोपंतांपासून होते. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बारामतीत स्थायिक झाले, इथेच त्यांनी हजारो आर्या लिहिल्या आणि १७९४ साली इथेच त्यांचं निधन झालं. नाव, गाव, तारखा, सगळं नोंदवलेलं आहे. त्याच काळात नीरा-कऱ्हेच्या काठच्या घराघरांत बाया पहाटे जात्यावर बसून गात होत्या. त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

जात्यावरची ओवी म्हणजे साधारण दोन ओळींचं गाणं. समोरासमोर बसून एकच खुंटा दोघींनी धरायचा. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची, मधेच 'गं बाई' घालून चाल सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने वैरण घालत राहायची. ऐकायला पुरुष नाहीत, सासू झोपलेली. त्यामुळे इतर कुठे बोलता येत नाही ते इथे बोलता यायचं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या नीट ऐका. बोलणं सीतेचं असतं, पण दुखणं बहुतेक वेळा गाणारीचं असतं.

ओव्या गोळा करण्याचं काम आधीही झालं होतं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये केलं, सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर केलं. ती कामं मोठीच आहेत. पण ओवी 'लोकांची' म्हटली की गाणारी बाई मागे पडते.

१९८०च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ मुळशीच्या डोंगरी गावांत काम करत होते. बायका आपलं म्हणणं ओवीतून मांडतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि बायकांशी बोलत बोलत ओव्या लिहून घेणं सुरू झालं. पुढे बर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक आणि कम्प्युटर इंजिनिअर त्यांना येऊन मिळाले. टेपवर शंभराहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग झालं. हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या डेटाबेसमध्ये गेल्या.

माझं रोजचं काम डेटाबेसचंच, म्हणून मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे ओवीच्या शेजारी गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. टेबल बनवताना कुठले कॉलम ठेवायचे हे आधी ठरवावं लागतं. जो कॉलम ठेवला नाही, त्यातली माहिती नंतर कुठूनही आणता येत नाही. नावाचा कॉलम ठेवला, तेव्हाच 'लोकगीत' हे कुणा एका बाईचं गाणं झालं.

२०१७पासून 'पारी' या वेबसाइटवर या ओव्या ऐकता येतात. त्यासाठी टीम पुन्हा गावोगावी गेली, जुन्या गायिकांना भेटली, त्यांच्याशी बोलली. त्या गावांत आपल्या इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचं भीमनगरही आहे. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. सोमेश्वरनगरच्या कारखान्यावर दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या कोप्यांमधल्या म्हाताऱ्यांना काय काय पाठ असेल, हे आपण कधी विचारलं नाही. कारखान्याकडे त्यांनी तोडलेल्या उसाचं वजन मात्र असतं.

गावात पिठाची गिरणी आली तसं जातं कोपऱ्यात गेलं. बायांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. जात्यासाठी हळहळणारे बहुतेक वेळा कधी दळायला बसलेले नसतात. पण 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण शब्दशः खरी आहे. हाताला खुंटा नसला की गाणंही आठवेनासं होतं.

आजी, चुलती, शेजारची म्हातारी, कुणीतरी अजून असेल. तिला 'गाणं म्हण' म्हणाल तर ती लाजेल, 'मला कुठं येतंय' म्हणेल. त्यापेक्षा लग्नातली हळद कशी दळायचे ते विचारा, घरात जातं असेल तर ते खाली काढा, आणि तिची हरकत नसेल तर फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. ओवीच्या आधी तिला तिचं पूर्ण नाव, माहेर आणि सासर सांगायला लावा. फाइलला नाव देतानाही तेच द्या.