वरचा दात व डोळा : खानदेशांतील एका समजुतीचें मूळ

वरचा दात उपटल्यास डोळा अधू होतो, ही समजूत महाराष्ट्रांत इतरत्र आहे तशी तापी-गिरणेच्या कांठींहि आहे. खानदेशाचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढें जळगांव व धुळें हीं नांवें रूढ झालीं. समजूत मात्र तशीच राहिली. हिरडींत पू धरला तरी मनुष्य बाभळीच्या सालीच्या काढ्यानें गुळण्या करतो, लवंगेचें तेल लावतो, पण दात काढूं देत नाहीं. हा केवळ अडाणीपणा होय, असें आम्हांस वाटत नाहीं. या समजुतीस ग्रंथाधार आहे.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या १६ व्या अध्यायांत दंतमूलाचे १५ रोग सांगितले. त्यांत पांच दंतनाड्या, म्हणजे पू वाहण्याचे मार्ग, येतात. वाग्भटानें दंतविद्रधि निराळा गणला. चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायांतील आज्ञा अशी : ज्या दातापाशीं नाडी झाली तो दात काढावा, व्रण शुद्ध करून क्षारानें किंवा अग्नीनें डागावा, उपेक्षा केल्यास नाडी जबड्याचें हाड फोडते. मात्र वरचा दात हालत असला तरी काढूं नये. कारण अतिरक्तस्रावानें घोर विकार होतात, मनुष्य काणा होतो व त्याचें तोंड वांकडें होतें. वाग्भटहि वरच्या दाताचा निषेधच करतो.

येथें निषेधाबरोबर त्याचा हेतुहि दिला आहे, हें ध्यानांत घ्यावें. आमच्या मतें लोकस्मृतींत निषेध टिकला व हेतु गळाला. निमित्त गेलें कीं नैमित्तिकहि जातें, हा वैयाकरणांचा न्याय येथें लागू पडतो. आज जागा बधिर करून दात काढतात. रक्त दाबानें व टांक्यांनीं थांबवितां येतें. शिवाय दृष्टीचा ज्ञानतंतु निराळा व वरच्या दातांचे निराळे.

उलट, वरच्या सुळ्याच्या मुळाशीं सांचलेला पू क्वचित् डोळ्याच्या खोबणीपर्यंत, व त्याहून क्वचित् मेंदूलगतच्या शिरांपर्यंत पसरतो. म्हणजे डोळ्यास खरें भय दात काढण्यांत नसून पुवाचा दात तसाच राखण्यांत आहे. जंतुनाशक औषधानें सूज ओसरते, पण मूळ राहिल्यास पू पुन्हा धरतो. म्हणून दाताच्या मुळाची नळी साफ करून भरावी, नाहीं तर दात काढावा. रोगाचें मूळ दातांत आहे, हा सुश्रुताचा मुख्य सिद्धांत यानें बाधित न होतां दृढच होतो.

धुळ्यास आज दंतवैद्यकाचें महाविद्यालय आहे. तेथवर जाण्यास कचरणाऱ्या वृद्धांस ग्रंथाचा मान राखावयाचा असेल, तर त्यांनीं तो कारणासह राखावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.